शेकरू मिळतं का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून परत येऊन आठवडा झाला. कमरेवरचा गोचिडीचा लाल डाग अजून आहे, आणि रोज सकाळी ताप मोजायची बायकोची सक्तीही. त्या डागाकडे येईनच. आधी शेकरू, म्हणजे ती झाडावरची मोठी खार.

पहिला दिवस : चोर्ला ते वाळपई

मी आणि माझा मेव्हणा. तो फोटो काढतो. मी गाडी चालवतो आणि खातो. कामाची वाटणी जुनी आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी बघायला आम्ही दोनदा भीमाशंकरला जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा मला दिसली ती फक्त शेपटी. मेव्हण्याच्या ऑफिसात वाळपईचा एक जण आहे. तो म्हणाला, "अहो, आमच्या सत्तरीत या." मार्चमध्ये चार दिवस सुट्टी मिळाली, निघालो.

पहाटे कोल्हापूर सोडलं, बेळगावात नाश्ता, जांबोटीवरून चोर्ला. घाटमाथ्यावर धूसर. मार्चमध्ये तिथून दरी दिसेल ही अपेक्षा ठेवू नका; पावसाळ्यातले फोटो बघून गेलात तर फसगत होते. मात्र उतरताना काटेसावरी पेटलेल्या होत्या, पानं नाहीत, नुसती लाल फुलं. मेव्हण्याने चार ठिकाणी गाडी थांबवायला लावली.

केरीला टपरीवर चहा घेतला. मी सहज विचारलं, "काय हो, इकडे शेकरू मिळतं का?"

टपरीवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीच्या एमएच ०९ पाटीकडे, मग माझ्या पोटाकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "आता नाही मिळत. पूर्वी मिळायचं."

वाळपईत एका बारमध्ये दुपारचं जेवण. हुर्राकचा हंगाम सुरू झालेला, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू. हीच पुन्हा गाळली की फेणी. लिंबू सोडा, मीठ, वर उभी चिरलेली हिरवी मिरची. उन्हात दोनच्या वर घेऊ नका, पायांत उतरते. (मी घेतली नाही, चालवत होतो. मेव्हण्याने माझ्याही वाटची घेतली.) पोराला विचारलं, शेकरू मिळतं का. तो आत गेला आणि मालक बाहेर आला. "कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हणाला. कोणी नाही, म्हटलं. "आमच्याकडे तसलं काही होत नाही," असं जरा मोठ्याने बोलून तो परत फिरला. दोन पावलांवर थांबला आणि हळूच म्हणाला, "बेडूकसुद्धा नाही."

बेडकाचं माहीत होतं. गोव्यात पहिल्या पावसात बाहेर पडणारे मोठे बेडूक पकडून खायची जुनी सवय, आणि 'जंपिंग चिकन' हे त्याचं बारमधलं नाव. बंदी आहे, तरी जूनमध्ये वनखात्याला रात्रीची गस्त घालावी लागते. पण शेकरू? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेला प्राणी, त्याची शिकार म्हणजे थेट तुरुंग. मेव्हणा चिडला. "हा तालुका सगळा खाऊन बसलाय," म्हणाला आणि डायरीत तसं लिहूनही टाकलं.

मुक्काम वाळपईपासून पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेच्या एका वाडीत. कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला लागून घर, दोन खोल्या पाहुण्यांना. घरच्या काकू, त्यांचे ऐंशी पार केलेले सासरे (सगळे त्यांना आजो म्हणतात), आणि आमच्या आधीपासून येऊन राहिलेले ठाण्याचे एक निवृत्त इंजिनिअर. नोकरीची वीस वर्षं त्यांनी अमेरिकेत केंटकी राज्यात काढलेली. रात्री जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण आणि बिब्ब्यांची उसळ. बिबे म्हणजे ओले काजूगर. आपल्याकडे अख्खं लग्न लावतील तेवढ्यात इथे एक वाडगा भरून समोर ठेवला आणि काकू म्हणाल्या, "घ्या की, सोलून सोलून बोटं काळी झाली माझी."

मी आजोंना विचारलं. तोच प्रश्न. आजोंनी घास चावून संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुका कित्याक जाय?" तुला कशाला हवंय. मग हात धुवायला उठून गेले.

दुसरा दिवस : बंद फाटक आणि केंटकी

बोंडल्याचं अभयारण्य आठ चौरस किलोमीटरचं, गोव्यातलं सगळ्यात लहानांपैकी. मुलांना घेऊन जायला सोपं, प्राणिसंग्रहालयही आतच. उसगाव-तिस्क्यावरून चढून फाटकाशी पोचलो. फाटक बंद. गुरुवारी ते बंद असतं, हे सगळ्यांना माहीत असतं म्हणे. आता तुम्हालाही आहे.

फाटकाबाहेर तासभर माना वर करून उभे राहिलो. एका झाडाच्या शेंड्याला तीन घरटी दिसली, काटक्या-पानांचे फुटबॉलएवढे गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, तीही बारीक फांद्यांच्या टोकाशी, म्हणजे जड प्राणी तिथवर पोचत नाही. घरटी होती, मालक नव्हता. दहा वाजता ऊन चढलं आणि रान गप्प झालं. शेकरू दुपारी झोपतं. सकाळी साडेसहा ते नऊ, संध्याकाळी चार ते सहा, या वेळा सोडून जंगलात फिरणं म्हणजे घाम गाळणं.

दुपारी परत वाडीवर. केंटकीकाका पडवीत आरामखुर्चीत. मी चडफडत सांगितलं, इथले लोक शेकरू खातात असं दिसतंय.

"खारच ना? मी खाल्लीये," काका म्हणाले.

मेव्हण्याने लेन्स पुसायची थांबवली.

तिकडची खार वेगळी, ते सांगू लागले. करड्या रंगाची, अर्ध्या किलोची, गावातल्या बागेत आपल्याकडच्या कावळ्यांइतकी. परवाना काढायचा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो, आणि माणशी दिवसाला सहा, त्याच्या वर एक नाही. त्यांच्या कंपनीतला एक फोरमन त्यांना घेऊन गेला होता. अंधारात जाऊन हिकरीच्या झाडाखाली बसायचं. हिकरी म्हणजे अक्रोडाच्या भावकीतलं झाड. बोलायचं नाही, खोकायचं नाही. उजाडलं की वरून बारीक कचरा पडू लागतो, टिपटिप, पाऊस नसताना पावसासारखा. खार वर बसून कवच कुरतडत असते. "आधी कानाने सापडते, डोळ्याने मागाहून," काका म्हणाले. मग पॉइंट टू-टूची रायफल, आणि डोक्यातच गोळी, कारण अंगात लागली तर खायला उरतं काय?

सोलायची पद्धत त्यांनी माझा हात धरून दाखवली. शेपटीच्या मुळाशी आतून एक चीर, शेपटीवर बुटाचा पाय, आणि मागचे पाय धरून वर ओढायचं. अर्धं कातडं सदऱ्यासारखं निघतं, उरलेलं चड्डीसारखं. मिठाच्या पाण्यात भिजवायचं. कोवळी असेल तर पिठात घोळवून तळायची, जून असेल तर तास-दोन तास शिजवून त्यात कणकेचे गोळे सोडायचे. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या वरणफळांसारखं." "अगदी!" काका खूश. ब्रन्सविक स्ट्यू म्हणून एक रस्सा आहे, मका, टोमॅटो, पावट्यासारखे दाणे घालून. मुळात तो खारीचाच. तो पहिल्यांदा आमच्याकडे झाला म्हणून व्हर्जिनिया आणि जॉर्जिया या दोन राज्यांत भांडण आहे. आता बहुतेक जण त्यात कोंबडी घालतात, भांडण मात्र तसंच ठेवलंय. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

"आणि चव?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"सशाच्या जवळची. थोडी गोडसर. तिने वर्षभर अक्रोडच खाल्लेले असतात ना."

मेंदू मात्र खाऊ नका, ते म्हणाले, जणू आम्ही संध्याकाळीच निघणार होतो. तिकडचे जुने लोक अंड्यात घालून तो खायचे. १९९७ मध्ये केंटकीतल्या डॉक्टरांनी मेंदूच्या एका असाध्य रोगाशी त्याचा संबंध असावा असा संशय मांडला, आणि फोरमनच्या बायकोने तेव्हापासून मुंडकी कुत्र्यालाही दिली नाहीत.

काकांच्या बायकोने मात्र त्या जेवणानंतर दोन दिवस अबोला धरला होता. रामाने पाठीवरून हात फिरवलेला प्राणी खाल्लात म्हणून. काकांचा बचाव त्यांना अजून आवडतो हे चेहऱ्यावर दिसत होतं. "मी म्हटलं, अगं, या खारीच्या पाठीवर पट्टे आहेत का? नाहीत. म्हणजे रामाचा हात हिच्यापर्यंत पोचलेलाच नाही."

आजो दारात उभे राहून ऐकत होते. हसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

तिसरा दिवस : तांबडी सुर्ला, गोचीड आणि एक क्रियापद

सकाळी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. कदंबांच्या काळातलं, आठशेएक वर्षांपूर्वीचं, काळ्या बेसॉल्टचं. गोव्यात सगळीकडे जांभा, आणि या रानाच्या पोटात हा घोटीव काळा दगड. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. खांबांच्या गुळगुळीतपणावर हात ठेवला तर मार्चच्या उन्हातही गार. आठच्या आत पोचा. नंतर दुधसागरला निघालेल्या गाड्या इकडे वळतात.

देवळामागच्या नदीकाठी मेव्हणा पानांत आडवा झाला, वरच्या फांदीवरच्या कसल्याशा पक्ष्यासाठी. मीही जरा लवंडलो. ही चूक. मोले नाक्यावर चहा पिताना कमरेला चुरचुरलं, पाहिलं तर मोहरीएवढी गोचीड, अर्धी आत.

सत्तरीत हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. २०१५ पासून इथे माकडतापाचे रोगी सापडलेत. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो, माकडं त्याने मरतात, आणि उंदीर-खारींच्या अंगावरही त्या गोचिडी वाढतात. धोका जास्त तो कोरड्या दिवसांत, म्हणजे नेमका तेव्हाच जेव्हा आपल्याला जंगल सोयीचं वाटतं. काकूंनी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली, पिळली नाही, साबणाने धुतलं, आणि तारीख लिहून ठेवायला सांगितली. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला 'सत्तरीत गोचीड चावली' हे पहिलं वाक्य सांगायचं. तेव्हा : पूर्ण बाह्या, पॅंट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यात बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं, रात्री आंघोळ करताना काखा-कंबर तपासायची. दिसायला गबाळं दिसतं. चालतं.

काकू गोचीड काढत असताना मी विव्हळत म्हणालो, "आणि एवढं करून शेकरू काही मिळालं नाही."

काकूंचा हात थांबला. "भाऊ, एक विचारू? तुम्हाला ते बघायचंय की खायचंय?"

"बघायचंय! तीन दिवस तेच तर विचारतोय, मिळतं का म्हणून."

काकू चिमटा घेऊनच हसायला लागल्या. "मिळतं का म्हणून बाजारात बांगडा विचारतात. बघायचं असेल तर दिसतं का म्हणा. मामंजी परवापासून रागावलेत, कोल्हापूरचे लोक मटण खाऊन कंटाळले म्हणून इथवर आले म्हणाले."

केरीचा टपरीवाला, बारचा मालक, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यात २०२० च्या जानेवारीची आठवण या भागात ताजी आहे. गुरं मारली म्हणून याच अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले, पेपरांत गाजलं, चौकशा झाल्या. त्यानंतर कोणी परका रानातल्या जनावराची चौकशी करू लागला की तो गिऱ्हाईक आहे की खात्याचा माणूस, हे आधी चाचपून बघितलं जातं. मी दोन्ही दिसत होतो. मेव्हण्याने डायरीतलं ते वाक्य खोडलं. गिरवून खोडलं.

रात्री आजो आपणहून पडवीत येऊन बसले. दूरच्या वाडीवर शिगम्याचे ढोल वाजत होते, मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत. आजोंचं मराठी पोर्तुगीज अमदानीतल्या गावच्या मराठी शाळेतलं, चौथीपर्यंतचं, आणि आमच्यापेक्षा शुद्ध.

"मी मारलीत," म्हणाले. "खोटं कशाला बोलू? ठासणीची बंदूक होती बापाची. डुकरासाठी. डुक्कर नाही मिळालं तर रिकाम्या हाताने कोण येणार?"

केंटकीकाका पुढे सरकले. मग त्या दोघांची जी जुगलबंदी झाली ती मी जन्मात विसरणार नाही.

शेकरू माणूस दिसला की पळत नाही, आजो म्हणाले. फांदीला चिकटून पसरतं, नाहीतर बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला सरकतं. आपण इकडे गेलो की ते तिकडे. म्हणून एकट्याचं काम नाही. एकाने बंदूक धरून एका जागी उभं राहायचं, दुसऱ्याने झाडाला फेरी मारायची. फेरीवाल्याला चुकवत शेकरू बरोबर बंदुकीसमोर येतं.

"सेम!" काका जवळजवळ ओरडले. "आमचा फोरमन अगदी हेच! त्याचा मुलगा फेरी मारायचा!"

आजोंनी मान डोलावली, केंटकीलाही अक्कल आहे अशी. कातडं ते काढत नसत, जाळावर धरून केस भाजत. मांस चिवट, उग्र. भरपूर तिरफळं आणि मिरची, मडक्यात, रात्रभर नव्हे पण बराच वेळ. "फणस पिकायच्या दिवसांतलं बरं लागायचं. पावसातलं, छे." मग वाटे. बार टाकणाऱ्याला डोकं आणि मागची मांडी. बाकी घरांघरांत. फेरी मारणाऱ्याला शेपूट.

"शेपटीचं काय करायचं?"

"काय करणार? पोरं खेळायची. मी लहान होतो तेव्हा मीच फेरी मारायचो. शेपट्यांचा ढीग होता माझ्याकडे."

चानी, म्हणजे ती आपली तीन पट्ट्यांची छोटी खार, तिला मात्र कोणी हात लावत नसे. ती रामाची. "शेकऱ्याला पट्टे कुठे आहेत?" आजोंनी विचारलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला उशीत तोंड खुपसावंसं वाटलं. दोन माणसं, मध्ये सात समुद्र, आणि पळवाट एकच.

बंद का केलंत, विचारलं. मला वाटलं, कायदा म्हणतील, नाहीतर एखादी डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट सांगतील. आजो म्हणाले, निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. एका निवडणुकीला केली. निकाल लागला, आणायला जायचं तर गुडघा दुखत होता. मग राहून गेलं. पुढे शेकरीही कमी दिसू लागली. बंदुकीमुळे नव्हे, म्हणाले. रस्ता झाला, मधली झाडं गेली. शेकरू जमिनीवर उतरायला भितं. या झाडावरून त्या झाडावर पंधरा-वीस फूट उडी मारेल, पण त्याहून मोठी फट पडली की अलीकडचं अलीकडे, पलीकडचं पलीकडे.

काका म्हणाले, तिकडची करडी खार वर्षातून दोनदा विते, एका वेळी तीन-चार, म्हणून माणशी सहा परवडतात. आजोंनी विचारलं, शेकऱ्याची पिल्लं किती? मेव्हण्याने सांगितलं, एक. फार तर दोन. आजो बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ढीग होता म्हटलं ना मी? तेवीस असतील." कोणीच विचारलं नव्हतं.

चौथा दिवस : माट्याचं झाड

निघायच्या दिवशी साडेसहाला दारावर टकटक. आजो, काठी घेऊन. "दिसतं," एवढंच म्हणाले. क्रियापदावर जोर देऊन.

कुळागराच्या वरच्या अंगाला, घरापासून दोनशे पावलं. तीन दिवस आम्ही गोवाभर माना मोडून घेतल्या आणि हे इथे. माट्याचं उंच झाड, आपल्याकडे ज्याला ऐन म्हणतात ते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. पानं बरीचशी झडलेली, शेंड्याला घरटं, शेजारच्या फणसाच्या फांद्या येऊन भिडलेल्या. आजोंनी तोंडावर बोट ठेवलं. टिपटिप काहीतरी पडत होतं. केंटकीकाकांनी कान टवकारले आणि माझा दंड दाबला.

मग वरून कर्र-कर्र-कर्र असा आवाज, लाकडी खुळखुळ्यासारखा. आम्ही दिसलो होतो. बुंध्याच्या पलीकडे काहीतरी सरकलं.

आजोंनी मेव्हण्याला खांद्याला धरून एका जागी उभं केलं, कॅमेरा वर. मग माझ्याकडे पाहून काठीने हवेत गोल काढला.

मी निघालो. पाचोळा करकरत होता, लपायचा प्रश्नच नव्हता, उलट आवाज व्हायलाच हवा होता. मोज्यात पॅंट खोचलेली, कमरेला चिकटपट्टी, मान वर. झाडाला अर्धी फेरी घातली तेव्हा माझ्या बाजूला नुसती साल. पलीकडून कॅमेऱ्याची कटकट सुरू झाली, थांबेचना. काका दबक्या आवाजात "ओ माय गॉड, ओ माय गॉड" करत होते. मी धावत पुढे गेलो, ते आणखी पलीकडे सरकलं. मागे आलो, तेही मागे.

मेव्हण्याचे फोटो सुरेख आलेत. तांबूस-चॉकलेटी पाठ, पोट मलईसारखं, पुढच्या दोन हातांत अर्धवट कुरतडलेलं काहीतरी धरलेलं, कानांतले केससुद्धा मोजता येतात. चाळीस फोटो आहेत. मला मात्र शेवटी, ते फणसावर झेपावलं तेव्हा, फांद्यांतून लोंबणारी एक लांब, झुबकेदार शेपटी तेवढी दिसली. भीमाशंकरला दिसली होती तेवढीच.

आजो काठीवर दोन्ही हात ठेवून हसत होते. "फेरीवाल्याला शेपूट," म्हणाले.